बहिणीच्या लग्नाची सजावट घरी करायची आहे, 20 हजारांत जमेल का?

करवलीबाई

नमस्कार मंडळी. ताईचं लग्न मार्गशीर्षात आहे, साताऱ्यात. शुक्रवारी सकाळचा मुहूर्त, गुरुवारी संध्याकाळी सीमांतपूजन. कार्यालय गुरुवारी दुपारी तीनला ताब्यात मिळणार. डेकोरेटरनं 'एकदम साधं' म्हणून 70 हजार सांगितले. त्यात स्टेजची मागची बाजू, दारातली कमान आणि वाटेवर प्लास्टिकच्या फुलांचे खांब. बाबा म्हणाले, "देऊन टाकू, एकदाच तर आहे." मी आडवी आले.

आता मी आडवी आलेय म्हटल्यावर निस्तरायचंही मीच. हाताशी 20 हजार रुपये, दोन मावश्या, चुलत भावंडांची टोळी, आईचं पायाचं शिवणयंत्र आणि आजीच्या साड्यांची ट्रंक. क्रेप कागदाची फुलं करून बघितली, हातात घेतली की सुंदर दिसतात. पण एवढ्या मोठ्या हॉलमध्ये कुणाला दिसणार? थर्माकोलची अक्षरं कापून घ्यावीत का? खरी फुलं किती लागतील?

पाटावरवंटा

थर्माकोल डोक्यातून काढा. महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे आणि 1 जुलै 2022 पासून सजावटीचा थर्माकोल देशभर बंद आहे. दुकानात मिळतो म्हणून चालतो असं नाही.

फुलांच्या आधी कार्यालयाच्या मॅनेजरला गाठा. भिंतीला खिळा चालतो का, चिकटपट्टी चालते का, शिडी त्यांची मिळेल का. आणि मुख्य म्हणजे, त्यांचा डेकोरेटर घेतला नाही तर 'रॉयल्टी' म्हणून वेगळे पैसे लावतात का. बऱ्याच ठिकाणी लावतात. घरच्यांनी घरचं सामान लावलं तर लागणार नाही, हे पावतीवर लिहून घ्या. तोंडी कबूल केलेलं लग्नाच्या दिवशी कुणाला आठवत नाही.

दोरा_सुई

अगं करवलीबाई, मी ब्लाउज शिवते, पुण्यात. बायका ब्लाउज शिवायला टाकतात आणि उरलेलं कापड न्यायचं विसरतात, त्यामुळे माझ्याकडे खणाच्या, काठाच्या कातरणांची पोती साठतात. त्यातून नात्यागोत्यातल्या बऱ्याच लग्नांची तोरणं झालीत. म्हणून सांगते, कागद सोड आणि कापड धर. क्रेपवर पाण्याचा थेंब पडला की रंग सुटतो. शेजारी खरी फुलं लावलीस आणि कुणीतरी हौसेनं त्यावर पाणी मारलं, की लाल ओघळ थेट पांढऱ्या पडद्यावर. शिवाय कागद आणि ओढण्या होमाच्या जवळपास नकोतच. लाह्या टाकताना ज्वाळ चांगली वर येते.

दुसरं, सगळा हॉल सजवायला जाऊ नकोस. लोक कुठे बघतात? दारात शिरताना वर, मग स्टेजकडे, आणि मंगलाष्टकांच्या वेळी अंतरपाटाकडे. या तीन जागा कर. बाकी भिंती तशाच राहू देत, तिथे माणसं असणारच आहेत.

स्टेजची मागची बाजू आजीच्या ट्रंकेतून निघेल. पाचवारी साडी साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट. स्टेजमागे आडवा पाइप लावायचा, त्यावरून अर्ध्यात दुमडून टाकली की पुढे नऊ फूट, मागे नऊ फूट. दुहेरी झाल्यामुळे मागचं काही दिसत नाही आणि साडीला कात्री लागत नाही. पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण पंचेचाळीस इंच. बारा फुटांच्या पाइपला सपाट टाकल्या तर चार साड्यांत भागेल, पण ते वाळत घातल्यासारखं दिसतं. चुण्या पाडायच्या तर सहा-सात धर. रंग दोनच घे, फार तर तीन. ट्रंकेतल्या सगळ्या साड्यांना न्याय द्यायचा नाहीये! चुण्या घरीच पाडून, वरून लांब टाक्यानं कच्च्या शिवून ने. म्हणजे तिथे फक्त पाइपवर टाकायच्या. कच्चा दोरा नंतर ओढला की साडी होती तशी.

पाइप आणि दोन स्टँड मंडपवाल्याकडून भाड्यानं घे. त्याला 'डेकोरेशन' म्हणू नकोस, नुसता 'सांगाडा पाहिजे' म्हण. आकडा बदलतो.

तोरणाला खणाची आंब्याची पानं. पान साधारण सात इंच लांब, मधे तीन इंच रुंद. दोन तुकडे सुलटे समोरासमोर, त्यावर बुक्रम, म्हणजे कडक अस्तर. देठाकडून दोन बोटं उघडं ठेवून कडेनं टीप मारायची, टोकाशी कापड तिरकं छाटायचं आणि उलटवायचं. टोक बोथट राहिलं तर आतून पेन्सिल घाल, पण टोकदार नको, खण फाटतो. मग इस्त्री. बुक्रम टाळलंस तर पानं संध्याकाळपर्यंत माना टाकतात. पानांच्या मधे लोकरीचे केशरी-पिवळे गोंडे: पुठ्ठ्याच्या दोन चकत्या, मधे भोक, भरपूर लोकर गुंडाळायची, कडेनं कापायची, दोन चकत्यांच्या मधून घट्ट गाठ. हे काम भावंडांच्या टोळीला दे. गप्पा मारता मारता होतं आणि बिघडलं तरी नुकसान नाही. दहा फुटांवरून तो झेंडूच वाटतो. पुढच्या गणपतीला तोरण पुन्हा बाहेर.

अंतरपाट मात्र तू स्वतः कर. मांजरपाट घे. मलमल झोळते आणि आरपार दिसते, मग अंतरपाटाला अर्थ काय? वरच्या बाजूला नेफा शिवून आत बारीक काठी घाल, म्हणजे धरणाऱ्यांचे हात अवघडले तरी कापड मधे लोंबत नाही. कडेनं हातानं रंगव, फॅब्रिकचा रंग वापर. मधली वीतभर जागा कोरी ठेव. गुरुजी कुंकवाचं स्वस्तिक स्वतः काढतात, तुझ्या मोरावर काढायला लावू नकोस. आणि लटकन, गोंडे, आरसे काहीही लावू नकोस. पाट खाली सरकतो तेव्हा ते हमखास मुंडावळ्यांत अडकतं आणि मोती ओघळतात. सगळा हॉल अक्षता टाकायचं सोडून मोती वेचत बसतो.

खरेदीला पुण्याला येणार असशील तर लेस, लोकर, मणी रविवार पेठेत बोहरी आळीत घे. टोपल्या, परड्या, सुपं बुरुड आळीत. पण तेवढ्यासाठी सगळ्या वऱ्हाडाला घेऊन येऊ नकोस. तू आणि हिशोब ठेवणारी मावशी, बास.

वाईकडचा

ताईंचं बाकी सगळं पटलं, पण दारात लोकरीचा झेंडू? मी झेंडू पिकवतो, मला हे लागणारच. दाराला खरं फूल पाहिजे, वास पाहिजे.

तुमची अडचण वेगळी आहे. मार्गशीर्षातले गुरुवार म्हणजे घरोघर महालक्ष्मीचे घट. बुधवारपासूनच बाजारात फूल चढतं आणि तुम्हाला नेमकं तेव्हाच हवंय. बाजारात जाऊच नका. आसपासच्या गावात झेंडूवाला शेतकरी शोधा, महिनाभर आधी बोला, भाव तेव्हाच ठरवा. आम्हालाही पुण्याच्या गुलटेकडी बाजारापर्यंतचं भाडं आणि हमाली सुटते, त्यामुळे जमवून घेतो. घट्ट, पुरतं न उमललेलं फूल मागा. कोरडं क्रेटमध्ये ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं तर आतून गरम होऊन सडतं. आधी किलोभर फुलांची माळ ओवून लांबी मोजा, मग दाराच्या मापानं ऑर्डर द्या. आंब्याचे टहाळे आणि केळीचे खांबही शेतावरच मिळतील.

दोरा_सुई

दादा, दार तुम्हाला दिलं. स्टेज माझं.

करवलीबाई

वाचून आईला दाखवलं, तिनं ट्रंक उघडलीच! हिरव्या आणि जांभळ्या मिळून सात निघाल्या. एक इरकल जरा विरलीय. मॅनेजरशी बोलले: खिळा नाही, चिकटपट्टी नाही, पण छताला हूक आहेत आणि शिडीचा घोडा मिळेल. रॉयल्टीचं लिहून देतो म्हणाला. आता एकच धास्ती. तीनला ताबा आणि सहाला वरपक्ष दारात. तीन तासांत लागेल?

दोरा_सुई

विरलेली इरकल पाइपवर टाकू नकोस, स्वतःच्याच वजनानं फाटेल. तिचे काठ काढून तोरणाच्या पट्टीला लाव.

तीन तासांत लागतं, पण तिथे काहीही 'बनवायचं' ठेवू नकोस. प्रत्येक तोरण घरीच दाराच्या मापाच्या दोरीवर ओवून, दोन्ही टोकांना हाताएवढी दोरी मोकळी सोडून, वेगळ्या पिशवीत भर. पिशवीवर जागा लिही: 'मुख्य दार', 'स्टेज डावीकडे'. वेगळ्या पिशवीत कात्री, सुतळी, पिना, सुईदोरा. ती तुझ्या खांद्यावर, दुसऱ्या कुणाच्या नाही. घोड्यावर चढायला दोन भाऊ आत्ताच नेमून ठेव, साडी नेसून मावश्या चढणार नाहीत. आणि तुझ्या आवरण्याची वेळ धरलीस का? पाचनंतर तू शिडीजवळ दिसता कामा नयेस.