प्रतिसाद: टुटूंच्या घरातली गोष्ट

'समलिंगी विवाहाला विरोध म्हणजे चर्च, पाठिंबा म्हणजे नास्तिक' असं वर लिहिलंय, ते मला पटत नाही. खरा वाद चर्चच्या आतच आहे.

दक्षिण आफ्रिकेतले आर्चबिशप डेस्मंड टुटू आठवा. वर्णभेदाविरुद्ध लढलेला हा माणूस समलिंगींच्या बाजूनेही तितक्याच ठामपणे उभा राहिला. दक्षिण आफ्रिकेत असा विवाह २००६ पासून कायदेशीर आहे. तरी त्यांची मुलगी म्फो, जी स्वतः धर्मगुरू होती, तिने एका स्त्रीशी लग्न केलं आणि २०१६ मध्ये तिथल्या अँग्लिकन (म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या) चर्चमधली सेवा तिला सोडावी लागली. वडिलांनी मात्र त्या दोघींना आशीर्वाद दिला. २०२२ मध्ये इंग्लंडात तर आपल्या धर्मपित्याचा (गॉडफादरचा) अंत्यविधीही तिला चर्चमध्ये करू दिला नाही. शेवटी तो शेजारी मांडव घालून झाला.

याच अँग्लिकन परिवारातल्या स्कॉटलंडच्या चर्चने २०१७ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता दिली. इंग्लंडचं चर्च डिसेंबर २०२३ पासून आशीर्वादाच्या प्रार्थना म्हणू देतं, पण लग्न लावत नाही. बायबल सगळ्यांचं एकच. म्हणून 'बायबलमध्ये लिहिलंय' एवढ्यावर थांबू नका. कोण कसं वाचतंय, तेही विचारा.