पाठ्यपुस्तकाऐवजी वर्तमानपत्र: अर्थशास्त्राच्या वर्गात कितपत निभेल?

प्रश्न (गोदाकाठ):
मी नाशिक जिल्ह्यातील एका महाविद्यालयात कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला सूक्ष्म अर्थशास्त्र शिकवते. मागणीची लवचिकता (भाव बदलला की मागणी किती बदलते), पुरवठ्याचा नियम यांच्या व्याख्या मुले घडाघडा म्हणतात. मात्र घरचा कांदा काय भावाने गेला हे अचूक सांगणारी तीच मुले, तो भाव का पडला असे विचारताच गप्प होतात. म्हणून या सत्रात पाठ्यपुस्तक पूर्णपणे बाजूला ठेवून वर्तमानपत्रावरच शिकवावे असे मनात आहे. कोणी असा प्रयोग केला आहे का?

उत्तर (मनमाडकर):
मॅडम, आम्ही केला आहे. रोज नवी बातमी घेतली तर तो चालू घडामोडींचा तास होतो, त्यामुळे एकच विषय सत्रभर धरून ठेवावा. आम्ही कांदा निर्यातीची कात्रणे तारीखवार लावली: ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, त्याच डिसेंबरात निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली तरी टनामागे ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याहून कमी भावाने माल बाहेर पाठवता येत नाही) आणि ४० टक्के शुल्क, सप्टेंबरात ते मूल्य रद्द होऊन शुल्क २० टक्के, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही माफ. प्रत्येक कात्रणाशेजारी लासलगावचा त्या आठवड्यातील किमान, कमाल व सरासरी भाव आणि आवक मुलांनी वहीत उतरवून घेतली. शुल्क उतरले म्हणजे भाव चढलाच पाहिजे असे धरून चालणारी मुले हळूहळू आवकेचा रकाना आधी पाहू लागली, आणि ‘इतर परिस्थिती कायम असताना’ हे शब्द पुस्तकात का येतात हे मला वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

उत्तर (वाचनवेल्हाळ):
प्रयोग मनापासून आवडला, तरीही पुस्तक पूर्णपणे सोडण्यास माझा विरोध आहे. वर्तमानपत्र मागणीचा वक्र काढून दाखवत नाही, आणि विद्यापीठाची प्रश्नपत्रिका अभ्यासक्रमावरच निघते. ज्या मुलांना शिकवणी परवडत नाही, त्यांचे नुकसान आधी होईल. शिवाय बातमीला बाजू असते. भाव वाढला की शहरी आवृत्तीत ‘कांदा रडवणार’ आणि ग्रामीण पानावर ‘बळीराजाला दिलासा’ असे मथळे येतात. हे दोन्ही एकाच दिवशी वर्गात ठेवा, ग्राहक आणि उत्पादक यांचे हितसंबंध त्यातून जितके उघड होतात तितके कोणत्याही आकृतीतून होत नाहीत.

गोदाकाठ:
दोघांचेही आभार. पुस्तक ठेवते, परंतु प्रकरणाची सुरुवात कात्रणापासून करते. आवकेचे जुने आकडे कुठे मिळतील?

मनमाडकर:
राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समितीनिहाय आवक आणि दर मिळतात. जुन्या अंकांसाठी मात्र ग्रंथपालांना आजच सांगून ठेवा, कारण सत्र संपले की बहुतेक ठिकाणी गठ्ठे रद्दीत जातात.