मदत हवी आहे: बाहीवरचं ‘आउट’ आणि ई-कॉलर

माझा कुत्रा मॅलिनॉई जातीचा नर, वय अडीच वर्षं. आयजीपी या श्वानक्रीडेच्या सी टप्प्याची, म्हणजे संरक्षणाच्या भागाची, तयारी चालू आहे. चावा पूर्ण जबड्याचा, शांत. अडतंय ते फक्त ‘आउट’वर, म्हणजे पकड सोडण्याच्या आज्ञेवर. बॉल आणि टग (ओढाओढीचं खेळणं) एका हाकेत सोडतो. हेल्परच्या (चावा झेलणाऱ्या मदतनिसाच्या) जाड संरक्षक बाहीवर मात्र कान बंद.

हेल्परने बाही निश्चल धरणं, सोडल्याबरोबर पुन्हा चावा देणं, लांब दोरी, हे सगळं करून पाहिलं. फरक पडतो, पण हेल्पर जरा हलला की मुसळ केरात. दात आणि मान पशुवैद्याकडून तपासून घेतलेत, ठीक आहेत.

ई-कॉलर (रिमोटच्या बटणाने विजेचा झटका देणारा गळपट्टा) त्याला फक्त बोलावण्यासाठी शिकवली आहे, अगदी कमी पातळीवर. बाहीवर ती पातळी त्याला जाणवतच नाही. जराशी वाढवली तर गुरगुरतो आणि पकड आणखी आवळतो, दाढांपर्यंत. म्हणून तिथेच थांबलो. ‘अजून वाढव’ हा सल्ला कृपया नको. शिवाय स्पर्धेत ही कॉलर चालत नाही, म्हणजे तिच्याशिवायही सुटायला हवं.

ज्यांनी हे प्रत्यक्ष सोडवलंय त्यांना विचारतो: आधी टगवर कॉलरसह ‘आउट’ नव्याने शिकवावं का? आणि बटण आज्ञेबरोबर दाबायचं की न सोडल्यावर?