गायनात पीएच.डी.: पुण्यात सुरुवात कुठून करावी?

मारवा: एम.ए. गायन, ५८ टक्के. ख्यालावर पीएच.डी. करायची आहे, पण पूर्णवेळ नोकरी आहे. यूजीसीची नेट परीक्षा लागतेच का? आणि प्रत्यक्ष गायन पदवीसाठी धरतात का?

गणेशखिंडकर: शेवटचा प्रश्न आधी घेतो, सगळं त्यावरच ठरतं. अमेरिकेतल्या डीएमएत (डॉक्टर ऑफ म्युझिकल आर्ट्स) मैफिली पदवीचाच भाग असतात. आपल्याकडे पीएच.डी. मिळते ती लेखी प्रबंधावर, गाणं तिथे पुरावा म्हणून येतं. तेव्हा विषयच असा धरा की मुद्दा गाऊन सिद्ध करता येईल. ‘अमुक घराण्याचा चिकित्सक अभ्यास’ कृपा करून नको, त्यात नुसता इतिहास लिहून होतो. तिलवाडा तालातल्या बड्या ख्यालात मुखडा (समेकडे नेणारा बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा) कितव्या मात्रेला उचलतात, समेपर्यंत, म्हणजे पहिल्या मात्रेपर्यंत, अक्षरं कशी बसवतात, एवढंच घ्या. दोन राग, तीन गायक पुरे. आधी शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, विषय तपासा.

शुद्धकल्याण: प्रवेशासाठीची एम.ए.ला ५५ टक्क्यांची अट तुम्ही पार केली आहे. नेटमध्ये संगीताचा कोड १६. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) नसेल तर नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन. हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. म्हणून मार्गदर्शक आधी शोधा, परीक्षा नंतर. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात आणि भारती विद्यापीठात रिक्त जागा विचारा. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगीला ६, सहायकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, हे विसरून लोक भलतीकडे खेटे घालतात.

नोकरीसोबत अर्धवेळ करता येते. ना-हरकत पत्रात कोर्सवर्कसाठी गरज पडल्यास कामातून मोकळीक देऊ, हे वाक्य हवंच. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं, एकूण मुदत तीन ते सहा वर्षं.

मारवा: आभार दोघांचे. ध्वनिमुद्रण ‘प्रात’ (Praat) या आवाजाचं विश्लेषण करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तपासायचं आहे. आवाज बाईचा, षड्ज काळी चार.

गणेशखिंडकर: मग तानपुरा गायिकेच्या हेडफोनमध्ये द्या, माइकवर येऊ देऊ नका. दोन्ही एकत्र मुद्रित झाले की गळा थांबल्याबरोबर प्रातमधला सुराचा आलेख तानपुऱ्याचा सूर पकडतो आणि मींडेचा (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाण्याचा) शेवट चुकीचा दिसतो. काळी चारचा तार पंचम सुमारे ६२३ हर्ट्झवर येतो. प्रातमध्ये सुराची वरची मर्यादा ५०० ठेवलीत तर तो सूर हुकतो किंवा सप्तकभर खाली दिसतो. ८०० ठेवा. फाइल वेव्हमध्येच घ्या, एमपी३ नको.