‘अल्पकर्ब’ नको, तर मग काय?

चिक्कोडीहून: ऊसवाल्यांच्या बैठकीसाठी एका इंग्रजी टिपणाचा अनुवाद करतेय. विषय असा, की आपला भाग ‘लो कार्बन’, म्हणजे हवेत कमी कार्बन सोडणाऱ्या, अर्थव्यवस्थेकडं किती सरकला, हे मोजायचं कसं. मी ‘अल्पकर्ब अर्थव्यवस्था’ लिहिलं. थोरल्या काकांनी वाचलं नि कागद खाली ठेवला. “माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली आला म्हणून आम्ही पाचट कुजवायला लागलो, आणि तू कर्ब कमी करा म्हणतेस?” दुसरा शब्द सुचवा. ‘उत्सर्जन-तीव्रता’ही अडलंय.

निपाणीकर: काकांचं बरोबर आहे. पाचट सरीत कुजवलं तर कर्बातला काही वाटा रानात राहतो, पेटवलं तर हवेत जातो. शब्दात ते आलं पाहिजे. ‘कमी धुराची अर्थव्यवस्था’ म्हणा की.

बेळगाव, निवृत्त विज्ञान शिक्षक: धूर अजिबात नको. कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, त्याला वासही नाही. धूर बंद झाला की काम झालं, असं लोक समजतील. सरळ ‘कार्बन’ लिहा. ‘कर्ब’ तरी कुठं अस्सल मराठी? कार्बनवरूनच घडवलेला.
तीव्रतेचं म्हणाल तर, २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ती ४५ टक्के घटवायचं भारतानं ठरवलंय. म्हणजे उत्पन्नाच्या दर रुपयामागं वायू कमी. उत्पन्न त्याहून वेगानं वाढलं तर एकूण वायू वाढतोच. ‘तीव्रता घटली’ वाचून हे कळत नाही. टनामागं साखर म्हणतो, तसं ‘रुपयामागं कार्बन’ लिहा.

खानापूर: कर्ब परका कसा, सर? कन्नडात ऊस म्हणजे कब्बु, हळेगन्नडात, म्हणजे जुन्या कन्नडात, कर्बु. तोच शब्द.

बेळगाव: कर्बु खरा, पण त्याचा इथं संबंध नाही. कार्बन लॅटिनमधल्या कोळशाच्या शब्दावरून आला. कन्नडात कार्बनला ‘इंगाल’ म्हणतात. संस्कृत अंगार, प्राकृत इंगाल, आणि आपला इंगळ त्याच घरातला.

निपाणीकर: इंगळ! आजोळी गुऱ्हाळ होतं. रात्री काहील उतरली की चुलवणातले इंगळ ओढून त्यात रताळी पुरायचो. वर राखेची पातळ साय, फुंकलं की आत लालभडक. पेटता असेल तोवरच इंगळ, विझला की कोळसा.

खानापूर: आमची आजी पेटत्याला निखारा म्हणायची. इंगळ म्हणजे विझत आलेला.

निपाणीकर: मग ‘पायाखाली इंगळ’ कशाला म्हणतात? विझत आलेल्यानं कोण पोळतंय?

चिक्कोडीहून: टिपण उद्या छापायला जायचंय. ‘रुपयामागं’ घेते, ते काकांनाही पटलं. पण शीर्षकाचं काय? आणि चिपाडं जाळणारं गुऱ्हाळ कुठल्या बाजूला धरायचं? तो कर्ब उसानं हवेतूनच घेतलेला असतो ना?

खानापूर: काकांना एवढं विचारा, ते इंगळ कशाला म्हणतात?