जैसलमेरला रात्री एकटीने उतरणं

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): डिसेंबरात एकटीच जैसलमेरला चाललेय. गाडी रात्री पावणेबाराला पोहोचते. आई म्हणते, उजाडेपर्यंत स्टेशनवरच बस. खोली किल्ल्यात घेतलीय. काय करू?

उत्तर (वाशी): पहिली रात्र किल्ल्याबाहेर काढ. आत आजही लोकवस्ती आहे, गल्ल्या अरुंद. मी सॅक घेऊन पाऊण तास भटकले. शेवटी एका आजोबांनी दारापर्यंत सोडलं. (वर चहाही पाजला!) किल्ला स्टेशनपासून जेमतेम २ किलोमीटर, तरी हॉटेलवाल्याला घ्यायला बोलाव. रिक्षावाला "ते हॉटेल बंद झालंय" म्हणाला, तर त्याच्यासमोरच फोन लाव.

उत्तर (ऐरोली): स्वेटर हाताशी ठेव. वाळवंट म्हणून मी सुती कुर्त्यात उतरलो, दात वाजले. आपल्या ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरावरची थंडी म्हणजे थंडीच नव्हे.

प्रश्नकर्ती: खोली बदलली. आईला रिक्षाचा नंबर पाठवायचं कबूल केलंय.