नेट कायम नसताना सगळी घड्याळं एका वेळेवर कशी ठेवायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही सोलापूरला अक्कलकोट रोडला राहतो. खाली टॉवेलचा छोटा कारखाना, वर घर. एका राउटरवर दोन कॉम्प्युटर, कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) आणि कार्डावरच्या हजेरीसाठी रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर आहे. ब्रॉडबँड नाही. संध्याकाळी अर्धा तास पाय माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडते, तेवढंच नेट.

पाय ४ मध्ये सेलवर चालणारं घड्याळ नसतं. वीज गेली की तो बंद पडतो आणि आल्यावर शेवटच्या जतन केलेल्या वेळेपासून पुढे मोजू लागतो. परवा दुपारी पाऊण तास वीज नव्हती. पॅकिंगच्या मावशी सहाला कार्ड लावून गेल्या, हजेरीत लागले सव्वापाच! त्यांना तासावर पैसे मिळतात. कॅमेऱ्यात ताडून बघावं तर एनव्हीआर सात मिनिटं पुढे. हिशोब मी हाताने दुरुस्त केला, पण दर वेळी माझ्या लक्षात येईलच असं नाही.

पायवर क्रोनी हे नेटवरून वेळ जुळवणारं सॉफ्टवेअर टाकलंय. नेट असताना वेळ अचूक होते, बाकीची यंत्रं त्याच्याकडूनच घेतात. पण वीज जाऊन आली की संध्याकाळपर्यंत एनव्हीआर त्याची वेळ मानतच नाही. डीएस३२३१ हे सेलवर चालणारं घड्याळ लावू की उपग्रहावरून वेळ घेणारं जीपीएस मॉड्यूल? वर पत्रा आहे आणि मे महिन्यात आत प्रचंड तापतं.

प्रतिसाद १

ताई, आधी डीएस३२३१ लावा. तो तापमान बघून स्वतःला सावरतो. ४० अंशांपर्यंत चूक दहा लाखांत २, म्हणजे दिवसाला सेकंदाचा पाचवा हिस्साही नाही. त्यापुढे थोडी वाढते, पण तुम्ही रोज संध्याकाळी नेट जोडताच. जीपीएसला पत्र्याखाली सिग्नल मिळणार नाही, अँटेना गच्चीवर न्यावी लागेल. हजेरीसाठी एवढा खटाटोप नको.

शेवटची वेळ जतन करणारा फेक-एचडब्ल्यूक्लॉक हा प्रोग्रॅम काढून टाका. क्रोनीत 'आरटीसीसिंक' (नव्या घड्याळात बरोबर वेळ भरत राहते) आणि 'लोकल स्ट्रॅटम १०' (नेट नसतानाही पायची वेळ इतरांना देऊ देते) या ओळी घाला. दुसरी नसल्यामुळेच एनव्हीआर ऐकत नाहीये: नेटवरून वेळ मिळेपर्यंत क्रोनी स्वतःला जुळलेला म्हणवत नाही.

एक जपा. काही स्वस्त बोर्डांवर सेल चार्ज करणारं सर्किट असतं. चार्ज न होणारा साधा सीआर२०३२ बटण-सेल घालणार असाल तर ते आधी तोडून घ्या, नाहीतर सेल फुगतो.

धागाकर्ती

खूप आभार दादा! उद्याच मॉड्यूल मागवते. मागच्या दोन महिन्यांत पाय कधी बंद पडला आणि घड्याळ किती मागे होतं, हे त्याच्या लॉगमधून काढता येईल का? आणखी कुणाचे तास कापले गेले असतील तर या पगारात द्यायचे आहेत.